२२०५ ड्युप्लेक्स तीनशे अंशांच्या थर्मिक कॉइलला चालेल का? (एजिंग, सिग्मा आणि चिवटपणा)

गिरणाथडी
राम राम मंडळी. खाद्यतेल रिफायनरीच्या डिओडोरायझरमधल्या (तेलाचा वास काढणारं पात्र) थर्मिक फ्लुइड कॉइलबद्दल, म्हणजे गरम तेलासारखं द्रव आतून फिरवून उष्णता देणाऱ्या नळीबद्दल, विचारायचं आहे. सध्याची कॉइल ३१६एल स्टेनलेसची, २ इंची, शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा वर्ग). तेल २५० ते २५५ अंशांवर असतं. फ्लुइड आत शिरताना २९५, बाहेर पडताना २७५. सपोर्टजवळ फाटे फुटलेल्या बारीक भेगा निघाल्या आणि लॅबने क्लोराइड स्ट्रेस करोजन (क्लोराइड आणि ताण मिळून पडणारी भेग) असा अहवाल दिला.
पुरवठादार म्हणतो, २२०५ (ड्युप्लेक्स स्टेनलेस) टाका, क्लोराइडची कटकट संपेल. डेटाशीटमध्ये मात्र ‘दीर्घकाळ गरम राहिल्यास ठिसूळपणा’ अशी ओळ आहे. त्यावर त्याचं उत्तर: ठिसूळपणा ४७५ ला येतो, तुमचं तर ३०० च्या आत आहे. हवं तर १०० तास ४७५ ला ठेवून चार्पी (खाच पाडलेला नमुना धक्क्याने तोडून चिवटपणा मोजायची परीक्षा) करून दाखवतो. दोनच प्रश्न: ३०० च्या आसपास २२०५ खरंच पिकतं का (एजिंग, म्हणजे उष्णतेत हळूहळू गुण बदलणं)? आणि ही १०० तासांची परीक्षा काही सांगते का?

धुळेकर_फॅब्रिकेटर
भाऊ, स्टेनलेसला ३०० अंश म्हणजे कोमट. ३०४ च्या धुराड्यांना ७०० लागतं, वर्षानुवर्षं उभी आहेत. बिनधास्त टाका.

चार्पी_काका
धुळेकरभाऊ, धुराडं ३०४ चं आहे आणि प्रश्न २२०५ चा आहे. नाव दोघांचंही स्टेनलेस, पण आतली रचना निराळी.
पोलादात अणूंच्या मांडणीनुसार ऑस्टेनाइट आणि फेराइट असे दोन प्रकार असतात. ३०४ आणि ३१६एल जवळजवळ पूर्ण ऑस्टेनाइट. ४७५ चा ठिसूळपणा ऑस्टेनाइटला होत नाही, तो फेराइटचा आजार आहे. २२०५ मध्ये साधारण अर्धं फेराइट, अर्धं ऑस्टेनाइट. त्यातल्या फेराइटमध्ये क्रोमियम भरपूर. साधारण ३०० ते ५५० च्या पट्ट्यात हे फेराइट आतल्या आत फुटतं: काही नॅनोमीटरच्या अंतरावर क्रोमियमने गच्च भाग (अल्फा-प्राइम) आणि लोहाने गच्च भाग वेगळे होतात. स्पिनोडल विघटन म्हणतात ते हेच. डिसलोकेशनना (धातू वाकताना सरकणारे अणुरचनेतले दोष) सरकायला वाव राहत नाही, फेराइट कडक होतं आणि थंड असताना धक्का बसला की क्लीव्हेजने, म्हणजे न वाकता सपाट चिरून, तुटतं. सगळ्यात वेगाने हे ४७५ च्या आसपास होतं, म्हणून ते नाव पडलं. ४७५ ला काही तासांत चिवटपणा घसरायला लागतो, ३०० ला वर्षं लागतात. वेग कमी आहे याचा अर्थ घडतच नाही असा नाही.
अणुवीज केंद्रांतले ओतीव सीएफ८एम (३१६ चा ओतीव भाऊ) पाइप २८० ते ३२० ला चालतात. त्यांच्यात फेराइट बरंच कमी असतं, तरी त्यांच्या एजिंगवर अनेक दशकं अभ्यास चालू आहे.

नवा_सदस्य_शहादा
म्हणजे सेन्सिटायझेशनच ना? कार्बन कमी असलेला ग्रेड घेतला की सुटेल.

चार्पी_काका
नाही. तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत फार होते.
सेन्सिटायझेशन साधारण ४२५ ते ८५० मध्ये होतं. कणांच्या सीमेवर क्रोमियम कार्बाइड (एम२३सी६) बसतं, सीमेलगत क्रोमियम १२ टक्क्यांच्या खाली जातं आणि तिथून गंज शिरतो. चिवटपणावर सुरुवातीला फारसा परिणाम नाही. ३०४एल, ३१६एल मध्ये कार्बन कमाल ०.०३ टक्के ठेवला तो यासाठी. ३२१ मध्ये टायटॅनियम आणि ३४७ मध्ये नायोबियम, तेही यासाठीच. तपासायचं तर एएसटीएम ए२६२ प्रॅक्टिस ए: १० टक्के ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, दर चौरस सेंटीमीटरला १ अँपिअर, दीड मिनिट. सीमेवर खंदक दिसले तर पुढची परीक्षा.
सिग्मा ६०० ते १००० मधला. लोह-क्रोमियमचं कडक, ठिसूळ संयुग. २२०५ मध्ये ८५० च्या आसपास काही मिनिटांत सुरू होतं, २५०७ मध्ये (जास्त मिश्रधातूंचं ड्युप्लेक्स) त्याहून लवकर. फेराइट-ऑस्टेनाइटच्या सीमेवर उगवतं आणि फेराइट खात आत सरकतं. टक्का-दोन टक्के सिग्मानेही चार्पी निम्म्याखाली येऊ शकते.
तिसरा हा ४७५ चा. यात कार्बनचा काही संबंध नाही. कार्बन शून्यावर आणला तरी फेराइट फुटणारच.

वरणबट्टी
भाऊ, बठ्ठं समजनं. पन आपला भुसावळना ऊनमा पाण्यानी टाकी ठिसूळ व्हत नही ना?

तापीपूर्णा
वरणबट्टीभाऊ, ४७ अंशांत क्रोमियम जागचं हलत नाही. टाकीवर बसलेला माणूस आधी पिकेल.
चार्पीकाकांच्या पोस्टला लॅबच्या बाजूची पुरवणी. सिग्मा सूक्ष्मदर्शकात दिसतं. २० ते ४० टक्के कॉस्टिकच्या द्रावणात १ ते ३ व्होल्टवर ५ ते ६० सेकंद एचिंग (पृष्ठभाग हलका कोरून रचना उघड करणं) केलं की ऑस्टेनाइट पांढरं राहतं, फेराइट भुरकट तपकिरी होतं आणि सिग्मा गडद किनारीसारखं उठून दिसतं. अल्फा-प्राइम तसं दिसत नाही. पिकलेला आणि ताजा, दोन्ही नमुने प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच. ‘मायक्रो क्लीन आहे’ एवढ्या शेऱ्यावर ४७५ चा प्रश्न निकालात काढणारे अहवाल असतात, ते मान्य करू नयेत.
मग ओळखायचं कसं?
फेराइटस्कोप (चुंबकत्वावरून फेराइटचं प्रमाण मोजणारं यंत्र): सिग्मा अचुंबकीय आहे, म्हणून सिग्मा झालं की फेराइटचं वाचन खाली येतं. अल्फा-प्राइम झालं तर वाचन जवळपास तेच राहतं.
सूक्ष्म कडकपणा: १० किंवा २५ ग्रॅम वजनाने फक्त फेराइटच्या पट्ट्यात ठसा उमटवायचा. ताज्या मालात फेराइट २५० ते ३०० एचव्हीच्या (विकर्स कडकपणा) आसपास असतं, बराच पिकला की ४०० च्या पुढे जातं. ऑस्टेनाइटचं वाचन तिथेच राहतं. ५ किंवा १० किलो वजनाचा साधा विकर्स घेतला तर दोन्हींची सरासरी येते आणि फरक बुजतो. रॉकवेलने तर नाहीच कळणार.
म्हणजे फेराइट उतरलं तर सिग्मा. फेराइट तसंच पण त्याच्यातला ठसा लहान झाला, तर ४७५. आणि दोन्ही वेळा अंतिम शब्द चार्पीचा.

भट्टीवाला
थोडं विषयांतर. चणे-फुटाण्याच्या आणि डाळ भाजायच्या भट्ट्यांत ३१० स्टेनलेसची जाळी असते. ती गरम असताना वाकते, सोसते, काही होत नाही. थंड झाल्यावर राख झटकायला हातोडी मारली की काच फुटावी तशी तुकडे होऊन पडते. हेही एजिंगच का?

चार्पी_काका
हेही एजिंग, पण सिग्माचं. ३१० मध्ये २५ टक्के क्रोमियम. ६५० ते ८५० ला आठवडे-महिने राहिली की थेट ऑस्टेनाइटमधून सिग्मा निघतं. कामाच्या तापमानाला ते तितकं जाणवत नाही, थंडपणी हिसका दाखवतं. म्हणून तीन पथ्यं. थंड जाळीवर हातोडी नको, ब्रश किंवा हवा वापरा. वाकलेली जाळी सरळ करायची किंवा वेल्ड करायची असेल तर आधी १०५० ते ११०० ला सिग्मा विरघळू द्या आणि लगेच पाण्यात बुडवा. आणि भट्टी सतत ९०० च्या वर चालत असेल तर सिग्माची चिंता कमी, तिथे ऑक्सिडेशन पाहा. अर्धवट तापणारी भट्टीच ३१० ला जास्त नडते.

शिरपूरचा_पंप
एजिंग इतकं वाईट असेल तर १७-४ पीएचच्या (एजिंगने कडक होणारं स्टेनलेस) पंप शाफ्टवर आपण पैसे देऊन एजिंग का करून घेतो?

तापीपूर्णा
तिथे तांब्याचे अतिसूक्ष्म कण काढायचे असतात. १०४० ला सोल्यूशन (सगळं विरघळवणारी तापवणी), थंड, मग एजिंग. एच९०० म्हणजे ४८२ अंश, १ तास, किमान ४० एचआरसी (रॉकवेल कडकपणा): कडक, पण चिवटपणा सगळ्यात कमी आणि क्लोराइडमध्ये भेगा पडायचा धोका सगळ्यात जास्त. एच१०२५ म्हणजे ५५२ अंश, ४ तास. एच११५० म्हणजे ६२१ अंश, ४ तास, किमान २८ एचआरसी: कण मोठे होतात, थोडं ऑस्टेनाइट परत येतं, चिवटपणा वाढतो. बोअरच्या किंवा खारट पाण्यातल्या शाफ्टला एच११५० मागा. कडक शाफ्ट चांगला, या समजुतीने लोक एच९०० घेतात आणि की-वेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) कोपऱ्यात तुटतो.
दोन सूचना. सोल्यूशन केलेला शाफ्ट एजिंग न करता कधी बसवू नका. आणि एच९०० ला माल १०० मिमीला ०.०४ ते ०.०६ मिमी आक्रसतो, म्हणून बेअरिंगच्या जागी ग्राइंडिंग एजिंगनंतर.
तरी ३०० च्या वर सतत चालणाऱ्या जागी १७-४ नकोच, कारण त्याच्या मार्टेन्साइटमध्येही पुढे क्रोमियम वेगळं होतं.

केळीबाग
मूळ प्रश्नाकडे येतो. १०० तास ४७५ ला ठेवणं म्हणजे आमच्या रायपनिंग चेंबरमध्ये केळी लवकर पिकावी म्हणून चेंबर ३० अंशांवर नेण्यासारखं. १६ ते १८ ला केळं सोनेरी पिकतं. फार गरम केलं तर साल हिरवी राहते आणि गर मऊ पडतो. लवकर पिकलं असं नाही, वेगळंच काहीतरी झालं.

चार्पी_काका
वा! याच मुद्द्यावर आकडे टाकतो.
तापमानाप्रमाणे एजिंगचा वेग किती बदलतो ते आर्हेनियसच्या सूत्राने काढतात. त्यात सक्रियण ऊर्जा (बदल घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडसर) धरावी लागते आणि ड्युप्लेक्सच्या ठिसूळपणासाठी ती मालागणिक खूप बदलते. समजा १०० किलोजूल प्रति मोल धरली. ४७५ चा एक तास म्हणजे ३०० चे सुमारे १३५ तास. म्हणजे पुरवठादाराचे १०० तास ३०० ला साधारण दीड वर्ष झाले. आता २३० धरा, क्रोमियमच्या विसरणाच्या जवळची. तोच एक तास ३०० चे सुमारे ८०,००० तास होतो आणि १०० तास म्हणजे नऊशे वर्षं. एकाच परीक्षेतून दीड वर्षही निघतं आणि नऊशेही. काय निष्कर्ष काढणार?
शिवाय केळीबागभाऊंचं म्हणणं बरोबर आहे. ४७५ ला फेराइट ज्या मार्गाने फुटतं आणि ३०० ला ज्या मार्गाने, ते एकच असेल याची खात्री नाही. म्हणून एजिंगची गंभीर परीक्षा ४०० च्या वर नेत नाहीत. ३५० ला केली तर ३०० च्या तुलनेत वेग फक्त ५ ते ४८ पट येतो. अनिश्चितता आहे, पण हातात धरण्याजोगी.

धुळेकर_फॅब्रिकेटर
काका, आकडे मान्य. पण एएसएमई सेक्शन ८ मध्ये (दाबपात्रांची अमेरिकी नियमावली) २२०५ ला ३१६ अंशांपर्यंत परवानगी आहे. २९५ त्याच्या आत बसतं. मग अडवणारे आपण कोण?

चार्पी_काका
परवानगी आहे, पण त्याच साहित्याबद्दल ठिसूळपणाचा इशाराही तिथे टिपेत दिलेला आहे. युरोपीय प्रेशर व्हेसलच्या मानकात २२०५ ला २५० वर थांबवतात. एकाच मालाला दोन ठिकाणी ६६ अंशांचा फरक. तो वेळेच्या प्रश्नामुळेच आहे.

नवा_सदस्य_शहादा
आणि फिल्म तापमान (नळीच्या भिंतीला चिकटलेल्या थराचं)? थर्मिक फ्लुइडमध्ये ते बल्कपेक्षा २०-३० अंश जास्त धरतात. म्हणजे धातू ३२० ला गेला की.

तापीपूर्णा
ते हीटरमध्ये. तिथे ज्योत बाहेर आणि फ्लुइड आत, म्हणून नळीची भिंत फ्लुइडपेक्षा गरम. इथे कॉइल उष्णता देते आहे. धातू फ्लुइड आणि तेल यांच्या मधल्या तापमानाला असणार, म्हणजे २५५ आणि २९५ च्या दरम्यान. आत शिरणारा पहिला वळसा सगळ्यात गरम. पण हीटरचा सेटपॉइंट सुरुवातीला ओव्हरशूट होतो का, ते पाहा. रेकॉर्डरवर ३१५-३२० चे टोक दिसत असतील तर गणित बदलतं.

गिरणाथडी
ताई, ओव्हरशूट होतो. स्टार्टअपला ३१० पर्यंत जाऊन परत येतो, साधारण अर्धा तास.

चार्पी_काका
अर्धा तास एजिंगच्या हिशेबात नगण्य आहे. तरी पीआयडीचं (तापमान-नियंत्रकाचं) ट्युनिंग करून घ्या, त्याला पैसे लागत नाहीत.
माझं मत स्पष्ट सांगतो. २७५-२९० ला २२०५ ची कॉइल चालू असताना तुटून पडेल, असं मी म्हणत नाही. पिकलेलं ड्युप्लेक्ससुद्धा कामाच्या तापमानाला बऱ्यापैकी चिवट असतं. अडचण वर्षांनंतरच्या शटडाउनला येते: कॉइल थंड, कोणी चेन-ब्लॉकने ओढतो, हायड्रोटेस्टचा (पाण्याच्या दाबाने तपासणी) पंप एकदम चढतो, किंवा सपोर्टवर हातोडी बसते. एजिंगने ठिसूळ-चिवट संक्रमणाचं तापमान वर सरकतं, आणि आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे १० अंशही असतात.

शिरपूरचा_पंप
पिकलेली कॉइल परत गरम करून ताजी करता येते ना? वाचलंय तसं.

तापीपूर्णा
४७५ चा परिणाम ५५० ते ६०० च्या वर थोडा वेळ गरम करून जलद थंड केल्यास उलटतो, खरं आहे. पण २२०५ मध्ये ६०० च्या वर सिग्माचा पट्टा सुरू होतो. कॉइल टाकीच्या आत, गॅस टॉर्चने गरम करणार, एक जागा ५५० आणि शेजारची ८००. एक आजार बरा करताना दुसरा लावून घ्याल. नीट करायचं तर १०४० च्या वर सोल्यूशन आणि लगेच पाणी, म्हणजे कॉइल काढून भट्टीत. त्या खर्चात नवीन येते.

धुळेकर_फॅब्रिकेटर
टॉर्चवरून: २२०५ चं काम माझ्याकडे येतं तेव्हा पहिला नियम, टॉर्चने सरळ करणं बंद. वळण थंड अवस्थेतच. वेल्डला ईआर २२०९ वायर, हीट इनपुट (वेल्डमधून जाणारी उष्णता) ०.५ ते २.५ किलोजूल प्रति मिमी, इंटरपास (दोन थरांमधलं तापमान) कमाल १५०. रूटला (वेल्डच्या पहिल्या थराला) शुद्ध आर्गॉन, पर्ज (पाइपच्या आतली हवा गॅसने काढणं) नीट. वेल्डनंतर स्ट्रेस रिलीफ (ताण घालवायला तापवणं) करायचा नाही. ६०० ला स्ट्रेस रिलीफ मागणारं ड्रॉइंग आलं की आधी ड्रॉइंगवाल्याला फोन.

केळीबाग
धुळेकरभाऊ, वर ‘बिनधास्त टाका’ आणि आता एवढे नियम?

धुळेकर_फॅब्रिकेटर
टाका म्हणालो होतो, कशीही टाका नव्हतो म्हणालो. 😀

नवा_सदस्य_शहादा
दीपनगरच्या वीजकेंद्राच्या बॉयलरमध्ये वाफ ५४० ची, तिथे कसं चालतं मग?

चार्पी_काका
एवढ्या तापमानाच्या सुपरहीटर-रिहीटरमध्ये ड्युप्लेक्स नसतं. तिथे क्रोम-मोली फेरिटिक आणि सगळ्यात गरम भागात ३०४एच, ३४७एच सारखे ऑस्टेनिटिक. ‘एच’ म्हणजे कार्बन मुद्दाम ०.०४ च्या वर ठेवलेला, क्रीप (उष्णतेत ताणाखाली हळूहळू लांबणं) सोसण्यासाठी. तिथे गंजापेक्षा क्रीप मोठा, म्हणून निवड उलटी. धागा भरकटतोय.

गिरणाथडी
सगळ्यांचे आभार. मग ३१६एल ठेवू, ९०४एल (जास्त निकेलचं स्टेनलेस) घेऊ की २२०५ च?

तापीपूर्णा
आधी हे विचारा: क्लोराइड नक्की कधी लागतंय? २८० ला कॉइल कोरडी आहे. द्रव पाणीच नाही, तेव्हा तिथे ही भेग वाढत नाही. ती वाढते धुलाईत आणि शटडाउनला, कॉइल ६० ते १५० मध्ये असताना पाणी उडून क्लोराइड साचतं तेव्हा. सपोर्टखालच्या फटीत ते सगळ्यात जास्त साचतं, भेगा तिथेच आहेत. ३१६एल ला २८०-२९५ चं एजिंग काही करत नाही. वेल्डमधलं ५-१० टक्के फेराइट बेटांसारखं तुटक असतं, ते थोडं पिकलं तरी सलग वाट मिळत नाही.
म्हणून माझा क्रम. धुलाईच्या पाण्यात क्लोराइड मोजा, ५० पीपीएमच्या आत आणा, बोअरचं पाणी थेट नको. कॉइल ५० च्या खाली आल्यावरच पाणी सोडा. धुलाईनंतर सपोर्टच्या फटी हवेने कोरड्या करा. सपोर्टचा आकार असा घ्या की पाणी थांबणार नाही. हे केलं तर ३१६एल चालेल. पाणी सुधारता येत नसेल तर ९०४एल: २५ टक्के निकेल, पूर्ण ऑस्टेनाइट, क्लोराइडला ३१६एल पेक्षा बरंच भारी आणि ३०० ला एजिंगची कटकट नाही. महाग आहे, पण कॉइलचं वजन किती, ते काढून पाहा.

चार्पी_काका
ताईंशी सहमत. तरीही २२०५ च घ्यायचं ठरलं, तर एजिंगवर नजर ठेवायची सोय पहिल्या दिवशी करा. त्याच हीटच्या (एकाच ओतणीच्या) पाइपचे ६० मिमी लांब पट्टे कापा. कापताना सॉ आणि कूलंट, गॅस किंवा कोरडा ग्राइंडर नको, नाहीतर नमुनाच भाजेल. पट्टे फ्लुइडच्या इनलेट हेडरच्या डेड लेगमध्ये नका लावू, तिथे प्रवाह नसतो आणि तापमान कमी पडतं. मुख्य प्रवाहात जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा.
शेड्यूल ४० च्या २ इंची पाइपची भिंत ३.९१ मिमी. १० मिमी रुंद पट्टा सपाट केला की ३.५ च्या आसपास उरते, म्हणजे २.५ मिमीचा सबसाइझ चार्पी नमुना बसतो. पाइपच्या लांबीच्या दिशेने, खाच भिंतीच्या जाडीतून आरपार. एएसटीएम ए९२३ (ड्युप्लेक्सच्या तपासणीचं मानक) मधले -४० ला ५४ जूल हे पूर्ण १० मिमी नमुन्यासाठी आहेत, ते इथे जसेच्या तसे लावू नका. ताज्या पट्ट्यांची चार्पीची जूल-संख्या काढून ठेवा, खोलीच्या तापमानाला आणि -४० ला, प्रत्येकी तीन. पुढे तुलना तिच्याशीच. संख्या निम्म्यावर आली की कॉइल बदलायच्या यादीत घ्या.

गिरणाथडी
पट्टे किती ठेवू? आणि मोजमाप कितीदा?

चार्पी_काका
किमान १८. दर मोठ्या शटडाउनला ३ काढा, शिवाय एकाचा फेराइटमधला सूक्ष्म कडकपणा. तो चार्पीच्या आधी हलायला लागतो.

तापीपूर्णा
आणि पट्ट्याच्या टोकाला हीट नंबर पंचाने ठोका, खाचेच्या जागेपासून लांब. मार्करने लिहिलेलं २९५ ला राहत नाही, आणि बाहेर काढल्यावर कोणता पट्टा कुठल्या हीटचा हे कळलं नाही तर सगळी मोजणी वाया.